‘ऑस्करला पाठवला’ म्हणजे नेमकं काय केलं?

प्रश्न थोडक्यात असा: मराठी चित्रपट पूर्ण झाला आहे, एक-दोन महोत्सवांत दाखवून झाला आहे, ओटीटीवाल्यांशी बोलणी चालू आहेत. तो ऑस्करसाठी पात्र कसा करायचा, आणि फिल्म फेडरेशनने, म्हणजे भारताकडून ऑस्करला जाणारा चित्रपट निवडणाऱ्या संस्थेने, निवडला नाही तर विषय संपला का?

आधी ओटीटीच्या कराराचं बोलू. सही झाली नसेल तर हात आखडता घ्या; झाली असेल तर प्रदर्शनाच्या तारखेचं कलम आज रात्रीच काढून वाचा. चित्रपट पात्र की बाद, हे बहुतेक वेळा ज्युरी बसण्याच्या कितीतरी आधी ठरून गेलेलं असतं. तो पहिल्यांदा कुठे लागला, कोणत्या तारखेला लागला, कोणत्या क्रमाने लागला, यावर. चित्रपट चांगला की वाईट हा प्रश्न त्यानंतर येतो. क्रम असा हवा: महोत्सव, मग तिकीट लावून सिनेमागृह, मग ओटीटी. ‘लापता लेडीज’ टोरंटोच्या महोत्सवात सप्टेंबर २०२३ मध्ये दाखवला गेला, थिएटरांत १ मार्च २०२४ ला लागला, नेटफ्लिक्सवर त्याच वर्षी एप्रिलअखेर आला आणि सप्टेंबरमध्ये भारताची प्रवेशिका ठरला. ओटीटीवर असणं आड आलं नाही, कारण थिएटर आधी झालं होतं. तोच चित्रपट आधी मोबाइलवर आणि मग ‘ऑस्करसाठी म्हणून’ थिएटरात आला असता, तर दार बंद. हे नंतर दुरुस्त करता येत नाही.

पुढे जे नियम लिहितो आहे ते ९८व्या पुरस्कारांच्या, म्हणजे मार्च २०२६ च्या सोहळ्याच्या नियमपुस्तिकेवर बेतलेले आहेत. ऑस्कर देणारी अमेरिकेतली अकादमी दर वर्षी पुस्तिका नव्याने काढते आणि तारखा सरकवते. आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या विभागात ९६व्यासाठी खिडकी, म्हणजे चित्रपट ज्या काळात प्रदर्शित व्हायला हवा तो काळ, १ डिसेंबर २०२२ ते ३१ ऑक्टोबर २०२३ होती, ९७व्यासाठी १ नोव्हेंबर २०२३ ते ३० सप्टेंबर २०२४, ९८व्यासाठी १ ऑक्टोबर २०२४ ते ३० सप्टेंबर २०२५. गेल्या वर्षी कुणी काय केलं ते विचारून प्रदर्शनाची तारीख ठरवू नका. आपल्या वर्षाची पुस्तिका उघडा.

आता मूळ गोष्ट. परभाषिक चित्रपटाला ऑस्करमध्ये शिरायला दोन वेगळी दारं आहेत आणि दोन्हींच्या किल्ल्या वेगळ्या आहेत. एक दार देशाचं: ‘सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय चित्रपट’. तिथे प्रत्येक देशाला एकच चित्रपट पाठवता येतो आणि तो निर्माता नाही, देशाची निवड समिती पाठवते. दुसरं दार अमेरिकेतल्या सिनेमागृहाचं: तिथे नियमाप्रमाणे चित्रपट लावला की दिग्दर्शन, पटकथा, अभिनय, गाणं अशा सर्वसाधारण विभागांत कुणालाही थेट उतरता येतं, देशाची परवानगी लागत नाही. आपल्याकडच्या बातम्यांत या दोन दारांची कायम सरमिसळ होते आणि ‘ऑस्करला पाठवला’ या दोन शब्दांत काहीही खपतं.

देशाच्या दारापासून सुरुवात करू. अकादमीच्या लेखी आंतरराष्ट्रीय चित्रपट म्हणजे ४० मिनिटांहून लांब, अमेरिका आणि तिच्या अखत्यारीतल्या प्रदेशांबाहेर निर्माण झालेला आणि निम्म्याहून अधिक संवाद इंग्रजी सोडून इतर भाषेत असलेला चित्रपट. माहितीपट चालतो, ॲनिमेशन चालतं. २०१९ पर्यंत विभागाचं नाव ‘परभाषिक चित्रपट’ होतं. त्या वर्षी एप्रिलमध्ये ते बदललं, भाषेची अट मात्र जागेवर राहिली.

व्याख्येतला ‘अमेरिकेबाहेर निर्माण’ हा भाग मराठी मंडळींनी जरा थांबून वाचावा. कॅलिफोर्नियातल्या किंवा टेक्सासमधल्या मराठी लोकांनी तिथल्या कंपनीमार्फत, तिथे चित्रीकरण करून, अथपासून इतिपर्यंत मराठी बोलणारा चित्रपट केला, तरी तो या विभागात बसत नाही. भाषा परकी, पण निर्मिती अमेरिकन. ‘मिनारी’चं हेच झालं. संवाद बहुतांश कोरियन, निर्मिती अमेरिकन. म्हणून ऑस्करला तो आंतरराष्ट्रीय विभागात नव्हताच, थेट सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनात होता.

भाषेचं मोजमाप लोक अंदाजाने करतात आणि तिथेच फसतात. २०१९ मध्ये नायजेरियाचा ‘लायनहार्ट’ बाद झाला: सुमारे ९५ मिनिटांच्या चित्रपटात इग्बो भाषा ११ मिनिटांच्या आसपास, बाकी इंग्रजी. इंग्रजी ही नायजेरियाची अधिकृत भाषा आहे, तिथले लोक खरोखर तसंच बोलतात, हा युक्तिवाद चालला नाही. त्याच वर्षी ऑस्ट्रियाचा ‘जॉय’ त्याच कारणाने गेला. २००७ मध्ये इस्रायलच्या ‘द बँड्स व्हिजिट’चं तेच झालं, त्यात इजिप्शियन वादक आणि इस्रायली गावकरी एकमेकांशी मोडक्यातोडक्या इंग्रजीतच बोलू शकतात, कथाच तशी आहे.

मुंबई-पुण्यातली ऑफिसं, रुग्णालयं, कोर्ट यांत घडणाऱ्या मराठी चित्रपटाला ही भीती खरी आहे. मोजायचं कसं? सबटायटल करणाऱ्याकडे प्रत्येक संवादाच्या सुरुवातीची आणि शेवटची वेळ असलेली फाइल असतेच. ती स्प्रेडशीटमध्ये ओता, शेजारी एक रकाना घ्या आणि प्रत्येक ओळीपुढे ‘म’, ‘हिं’, ‘इं’ लिहा. समजा १०८ मिनिटांच्या चित्रपटात प्रत्यक्ष बोलणं ५४ मिनिटांचं भरलं. त्यातलं इंग्रजी २७ मिनिटांच्या खाली असायला हवं, आणि सुरक्षित राहायचं तर २० च्याही खाली. ‘मीटिंग पोस्टपोन झालीय, मेल चेक कर’ असली वाक्यं मराठीतच धरा, क्रियापद आणि बांधणी मराठी आहे; पण अशा वाक्यांवरच सगळा हिशेब टेकला असेल तर संकलनाच्या टेबलावरच दोन दृश्यांचं डबिंग बदलून घ्या. मिनिटांनी एकदा आणि शब्दांनी एकदा मोजा. दोन्ही आकड्यांत मोठी तफावत आली तर कुणीतरी इंग्रजीत भरभर बोलतंय आणि परीक्षकालाही ते जाणवणार आहे. भाषा अनेक असल्या तर हरकत नाही. ‘कोर्ट’मध्ये मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी सगळं होतं आणि २०१५ मध्ये तो भारताची प्रवेशिका होता. मोजायचं एवढंच, की इंग्रजी सोडून जे काही आहे ते एकत्र मिळून निम्म्याच्या वर जातं का.

चित्रपटाची भाषा पाठवणाऱ्या देशाचीच असावी, ही जुनी अट २००६ मध्ये गेली. आदल्या वर्षी इटलीचा ‘प्रायव्हेट’ इटालियन भाषेत नाही म्हणून परत आला होता. नियम बदलल्यावर कॅनडाने दीपा मेहतांचा हिंदी ‘वॉटर’ पाठवला आणि त्याला नामांकन मिळालं. म्हणूनच २०२४ मध्ये ब्रिटनला ‘संतोष’ हा हिंदी चित्रपट पाठवता आला आणि तो शेवटच्या पंधरांच्या यादीत पोचला.

पण भाषा सुटली तरी माणसं सुटली नाहीत. चित्रपटावरचा सर्जनशील ताबा मुख्यत: पाठवणाऱ्या देशाच्या नागरिकांच्या, रहिवाशांच्या किंवा तिथे निर्वासित म्हणून आश्रय मिळालेल्यांच्या हाती असावा लागतो. दिग्दर्शक मोहम्मद रसूलोफ इराण सोडून जर्मनीला गेले आणि त्यांचा ‘द सीड ऑफ द सेक्रेड फिग’ जर्मनीची प्रवेशिका म्हणून नामांकनापर्यंत पोचला. उलट बाजूने, २००४ मध्ये कोलंबियाने पाठवलेला ‘मारिया फुल ऑफ ग्रेस’ पुरेसा कोलंबियन नाही म्हणून, आणि २००७ मध्ये तैवानचा ‘लस्ट, कॉशन’ पुरेसा तैवानी नाही म्हणून नाकारला गेला. सहनिर्मिती असेल तर लेखक, दिग्दर्शक, छायाचित्रकार, संकलक, संगीतकार, कलादिग्दर्शक, प्रमुख नट यांची नावं आणि समोर नागरिकत्व किंवा वास्तव्य, अशी एका पानाची यादी आधीच करून ठेवा. फ्रान्स, जर्मनीचे पैसे घेताना ‘प्रवेशिका कोणत्या देशाकडून’ हे सहनिर्मितीच्या करारात लिहून घेतलेलं बरं. पैसे आल्यावर ही चर्चा कडू होते.

भारतात निवडीचं काम फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया करते. प्रत्येक देशाची समिती अकादमीने मान्य केलेली असावी लागते आणि तिच्यात किमान निम्मे सदस्य प्रत्यक्ष चित्रपट करणारे कलावंत-तंत्रज्ञ असावे लागतात. ही नुसती कागदी अट नाही: भूतानच्या ‘लुनाना’ला पहिल्या वर्षी याच कारणाने घरी परतावं लागलं, कारण भूतानने बरीच वर्षं काही पाठवलं नव्हतं आणि तिथे मान्य समितीच नव्हती. पुढच्या वर्षी समिती झाली, तोच चित्रपट पुन्हा गेला आणि नामांकन मिळालं.

फेडरेशनकडे अर्ज निर्माता करतो, शुल्क भरून. निकाल सप्टेंबरच्या उत्तरार्धात लागतो. २०२४ मध्ये २३ सप्टेंबरला २९ चित्रपटांतून, २०२५ मध्ये १९ सप्टेंबरला ‘होमबाउंड’ची निवड झाली तेव्हा २४ चित्रपटांतून. अकादमीची अंतिम मुदत ऑक्टोबरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत असते. म्हणजे निवड झाली तर हातात दहाएक दिवस उरतात, आणि एवढ्यात इंग्रजी सबटायटलसह प्रत, संपूर्ण श्रेयनामावली, दिग्दर्शकाचा परिचय आणि छायाचित्र, पोस्टर, प्रदर्शनाचा पुरावा हे सारं चढवायचं असतं. निवड झाल्यावर सबटायटल करायला बसलात तर रात्री जागून केलेली सबटायटल्स जगातले सगळ्यात चिकित्सक प्रेक्षक बघणार.

मराठीतून आजवर ‘श्वास’ (२००४), ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) आणि ‘कोर्ट’ हे तीन या दारातून गेले. नामांकनापर्यंत भारताचे एकूण तीनच पोचले: ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे!’ आणि ‘लगान’. फेडरेशनच्या आवडीनिवडीवर दर वर्षी वाद होतो आणि तो अगदीच हवेत नसतो. २०२४ मध्ये मल्याळम, हिंदी, मराठी बोलणारा आणि मुंबईहून रत्नागिरीच्या किनाऱ्याला जाणारा ‘ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट’ कान महोत्सवात ग्रां प्री, म्हणजे तिथलं दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक, घेऊन आला होता. सहनिर्मिती म्हणून फ्रान्सने तो आपल्या अंतिम चारांत ठेवला आणि शेवटी ‘एमिलिया पेरेझ’ पाठवला. भारतात ज्युरीला तो ‘भारतात घडणारा युरोपीय चित्रपट’ वाटल्याचं फेडरेशनकडूनच सांगण्यात आलं. दोन देशांच्या दारांत उभा राहून तो कुठूनच आत गेला नाही. महोत्सवाचं पारितोषिक हे निवडीचं वजन वाढवतं, हक्क देत नाही, एवढं त्यातून घ्या.

सिनेमागृहाच्या सात दिवसांवर मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण मराठी चित्रपटांची खरी अडचण इथे आहे. अट अशी की व्यावसायिक सिनेमागृहात, तिकीट लावून, सलग ७ दिवस, नेहमीच्या प्रदर्शनासारखी जाहिरात करून चित्रपट चालावा. अमेरिकेत प्रदर्शित होण्याची या दारासाठी गरज नाही. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला शुक्रवारी दुपारचे दोन खेळ मिळतात, शनिवार-रविवारचा गल्ला बघून सोमवारी एक जातो आणि मंगळवारी दुसरा. झालं, ‘सलग’ तुटलं. चाळीस पडद्यांवर चार दिवस यापेक्षा एका पडद्यावर सात दिवस मोलाचे. म्हणून मोठ्या प्रदर्शनाच्या गणितावर विसंबू नका; एखाद्या एकपडदा थिएटरशी किंवा मल्टिप्लेक्सच्या एका स्क्रीनशी शुक्रवार ते गुरुवार असा लेखी करार करा, गल्ला भरला नाही तर फरक आपण भरू असं लिहून द्यावं लागलं तरी चालेल. ‘ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट’ देशभर नोव्हेंबरमध्ये लागला, पण केरळात मोजक्या पडद्यांवर तो २१ सप्टेंबर २०२४ लाच लावून घेतला होता, खिडकी बंद होण्याच्या नऊ दिवस आधी. पात्रतेसाठी लावणं ते हे.

खिडकीच्या कडेवर जाऊ नका. ३० सप्टेंबरची मुदत असेल तर सातवा दिवससुद्धा तिच्या आत पडेल असा शुक्रवार निवडा. त्याच्या उलट मोजत या: सेन्सॉरचं प्रमाणपत्र, त्याआधी आवाजाचा अंतिम मिक्स, त्याआधी डीआय (चित्राची अंतिम रंगदुरुस्ती). प्रमाणपत्राशिवाय तिकीट लावता येत नाही आणि ते उशिरा मिळालं हे कारण अकादमी ऐकत नाही. बोर्डाने कट सुचवले तर परीक्षणाला जाणारी प्रत आणि थिएटरात लागलेली प्रत यांत काय फरक आहे ते टिपून ठेवा.

पुरावे त्या त्या दिवशीच गोळा करा. रोजचा डीसीआर, म्हणजे त्या दिवसाच्या तिकीटविक्रीचा हिशेब, थिएटरच्या शिक्क्यानिशी, वर्तमानपत्रातली खेळांच्या वेळांसह जाहिरात (तारीख दिसेल असं अख्खं पान, कात्रण नको), तिकीट विक्रीच्या संकेतस्थळावरच्या वेळांचे स्क्रीनशॉट. चार महिन्यांनी थिएटरच्या मॅनेजरकडे मंगळवारचा डीसीआर मागायला जाणं म्हणजे काय ते वितरकाला विचारा. आणखी एक फालतू वाटणारी पण जीवघेणी गोष्ट: डीसीपीची (थिएटरात चालणाऱ्या डिजिटल प्रतीची) किल्ली, म्हणजे केडीएम, तीन दिवसांचीच काढलेली असते, सोमवारी सकाळी खेळ उघडत नाही आणि प्रयोगशाळेत फोन उचलेपर्यंत दुपार होते. किल्ली दहा दिवसांची काढा.

महोत्सवातले खेळ प्रदर्शनात धरत नाहीत, म्हणून ते आधी झाले तरी बाधत नाहीत. बाधतात ते दूरचित्रवाणी, ओटीटी, विमानातल्या पडद्यासाठी दिलेले हक्क, किंवा ‘मर्यादित काळासाठी’ यूट्यूबवर सोडलेला अख्खा चित्रपट. महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनासाठी कुणी लिंक मागितली तर सिनेमागृहाचे सात दिवस होईपर्यंत गोड बोलून थांबवा. महोत्सव ऑनलाइन असेल तर पैसे भरून, सुरक्षित दुव्यावरूनच चित्रपट दिसतो ना, हे लेखी घ्या.

तांत्रिक बाजू. डीसीपी सेकंदाला २४ किंवा ४८ फ्रेमचा, किमान २०४८ गुणिले १०८०. ध्वनी ५.१ किंवा ७.१, किमान डावा, मधला, उजवा या तिन्ही वाहिन्यांत खरा आवाज हवा. कमी खर्चातल्या चित्रपटांचा स्टिरिओ मिक्स नुसता ५.१ च्या खोक्यात भरून दिला जातो आणि मधली वाहिनी रिकामी राहते. मिक्सिंग करणाऱ्याला ‘संवाद मधल्या वाहिनीवर आहेत ना’ हे विचारा, तोंडाकडे बघून उत्तर कळेल. दुसरा घोळ २५ फ्रेमचा. कॅमेरा २५ वर ठेवून चित्रीकरण झालेलं असतं आणि डीसीपी २४ चा करावा लागतो. चित्रपट हळू होतो, १०० मिनिटांचा १०४ मिनिटं १० सेकंदांचा होतो, आवाजाची पट्टी खाली येते ती दुरुस्त करावी लागते. हे सगळे करतात; विसरतात ते सबटायटल. २५ च्या वेळांवर बांधलेली फाइल २४ च्या चित्रावर ठेवली तर पहिल्या दहा मिनिटांत २५ सेकंदांचा फरक पडतो आणि तासाभरात अडीच मिनिटांचा. तपासणारा सुरुवातीची दोन मिनिटं बघून ‘ठीक आहे’ म्हणतो. शेवटचं रीळ बघा.

सबटायटलचा मजकूरही तितकाच महत्त्वाचा. एका ओळीत ४२ अक्षरांच्या आत, जास्तीत जास्त दोन ओळी, एक सेकंदाहून कमी काळ काहीही दाखवायचं नाही, हे ढोबळ माप. त्यापलीकडे मराठीची स्वत:ची दुखणी आहेत. आत्या, मावशी, काकू, मामी या चौघी इंग्रजीत एकाच शब्दात कोंबल्या जातात. वाटणीचा तंटा असलेल्या चित्रपटात बापाची बहीण कोण आणि आईची बहीण कोण हे कळलं नाही तर प्रेक्षकाला तंटाच कळत नाही. तिथे नात्याऐवजी नाव वापरा आणि पहिल्याच उल्लेखात नातं उलगडून टाका. नवऱ्याला ‘अहो’ म्हणणारी बायको एका दृश्यात ‘अरे’ वर येते, हा मराठी प्रेक्षकाला बसणारा चपराकीसारखा क्षण; सबटायटलमध्ये दोन्हीकडे नवऱ्याचं नाव लिहिलेलं असतं. तिथे वाक्याचा सूर बदलूनच ते पोचवावं लागतं. हे काम इंग्रजी उत्तम येणाऱ्या भाच्याचं नव्हे. अनुवादकाला पटकथा नुसती मेल करू नका, दिग्दर्शकाबरोबर बसून चित्रपट दाखवा.

आता दुसरं दार. चित्रपट अमेरिकेतल्या सहा ठिकाणांपैकी एका ठिकाणी सलग ७ दिवस व्यावसायिक सिनेमागृहात चालवायचा: लॉस एंजेलिस काउंटी, न्यूयॉर्क शहर, सॅन फ्रान्सिस्कोचा बे एरिया, शिकागो, डॅलस-फोर्ट वर्थ, अटलांटा. रोज किमान तीन खेळ, त्यांतला एक संध्याकाळी ६ ते रात्री १० च्या दरम्यान सुरू होणारा. प्रदर्शन त्या कॅलेंडर वर्षात. जाहिरात हवीच. मराठी वितरणात इथे दोन चुका ठरलेल्या. परदेशातले आपले खेळ शनिवार-रविवारी, मंडळाने हॉल किंवा स्क्रीन भाड्याने घेऊन, एकेकच होतात; ते कितीही हाऊसफुल गेले तरी पात्रतेत शून्य. आणि आपली वस्ती न्यू जर्सीत म्हणून चित्रपट एडिसनला लावला जातो. नियमात न्यूयॉर्क म्हणजे न्यूयॉर्क शहर, हडसन नदी ओलांडली की मोजणी थांबते. बे एरियातही कोणत्या काउंटी धरल्या आहेत ते पुस्तिकेत पाहूनच थिएटर ठरवा.

एवढं केलं की पटकथा, अभिनय, छायाचित्रण वगैरे विभागांत अर्ज करता येतो. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी मात्र २०२४ च्या चित्रपटांपासून आणखी एक पायरी आहे: पहिल्या प्रदर्शनानंतर ४५ दिवसांच्या आत, अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या ५० शहरी बाजारांपैकी १० ठिकाणी आणखी ७ दिवस. अमेरिकेबाहेरच्या चित्रपटाला या दहांपैकी दोन ठिकाणं परदेशातली चालतात, त्यात मायदेशही येतो. शिवाय समावेशकतेच्या, म्हणजे उपेक्षित गटांना पडद्यावर आणि पडद्यामागे वाव दिल्याच्या, चार निकषांपैकी दोन पूर्ण केल्याचा गोपनीय अर्ज. भारतीय चित्रपटाला निकष फारसे जड जात नाहीत, दहा ठिकाणं जातात.

या दाराची ताकद दोन उदाहरणांत दिसते. ‘आरआरआर’ २०२२ मध्ये भारताची प्रवेशिका नव्हता, ‘छेल्लो शो’ होता. तरी ‘नाटू नाटू’ला सर्वोत्कृष्ट गाण्याचं ऑस्कर मिळालं. फ्रान्सने २०२३ मध्ये ‘अ‍ॅनॅटॉमी ऑफ अ फॉल’ पाठवला नाही, आणि त्याने पाच नामांकनं घेऊन मूळ पटकथेचं पारितोषिक नेलं. दोन्हींच्या मागे अमेरिकन वितरक आणि प्रचाराचा पैसा होता, हे विसरून चालणार नाही. ‘श्वास’च्या वेळी महाराष्ट्रात लोकवर्गणी काढावी लागली ती याच प्रचारासाठी. हजारो सदस्यांना तुमचा चित्रपट बघायला लावणं हा खर्च आहे. पात्रतेचा खर्च त्यापुढे किरकोळ.

म्हणून शब्द नीट वापरा. फेडरेशनकडे अर्ज केला म्हणजे ‘भारताकडून ऑस्करला गेला’ असं होत नाही. तो इतर वीस-पंचवीस जणांनीही केलेला असतो. जानेवारीत अकादमी पात्र चित्रपटांची यादी जाहीर करते. जानेवारी २०२५ मध्ये तिच्यात ३२३ चित्रपट होते आणि त्यांतले २०७ सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी पात्र. यादीत नाव आलेल्या भारतीय चित्रपटांच्या ‘ऑस्करच्या शर्यतीत’ अशा बातम्या झाल्या. ती हजेरी आहे, निवड नव्हे. निवड सुरू होते डिसेंबरमधल्या पंधरांच्या शॉर्टलिस्टपासून, तीही आंतरराष्ट्रीय विभागासारख्या ठरावीक विभागांत. ९७व्या वर्षी ८५ देशांच्या चित्रपटांतून ते पंधरा निघाले. पहिल्या फेरीत स्वेच्छेने नाव नोंदवलेले सदस्य ठरवून दिलेले चित्रपट बघून मत देतात, दुसऱ्या फेरीत पंधराही बघितलेले सदस्य पाच नामांकनं काढतात, आणि शेवटी पाचही बघितलेल्यांनाच मत देता येतं. नामांकन देशाच्या नावे लागतं, बाहुली दिग्दर्शक स्वीकारतो.

ऑस्करपलीकडे दोन पर्याय, थोडक्यात. अमेरिकेतल्याच गोल्डन ग्लोब पुरस्कारांच्या इंग्रजीतर विभागाला देशाची शिफारस लागत नाही, एका देशाचे कितीही चित्रपट चालतात आणि निर्मिती अमेरिकन असली तरी हरकत नाही. ‘मिनारी’ तिथे याच विभागात जिंकला. वर म्हटलेल्या टेक्सासच्या मराठी चित्रपटाला हे दार उघडं आहे. बाफ्टा या ब्रिटिश पुरस्कारांनाही देश मधे येत नाही, पण ब्रिटनमध्ये सिनेमागृहात प्रदर्शन लागतं, म्हणजे तिथला वितरक गाठावा लागतो. ‘ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला ऑस्करच्या देशवार विभागात जागा नव्हती, ग्लोब आणि बाफ्टा दोन्हीकडे नामांकन मिळालं.

तुमच्या चित्रपटाचं मग असं करा. ओटीटीच्या करारात ‘भारतातल्या सिनेमागृहातील किमान सात सलग दिवसांच्या प्रदर्शनानंतरच’ हे शब्द घाला. अमेरिकेचं दार वापरायचा विचार असेल तर तिथल्या स्ट्रीमिंगची तारीख वेगळी तोडून घ्या, कारण तिथे थिएटरआधी चित्रपट घरोघरी दिसला तर दुसरं दारही गेलं. प्रदर्शन जून ते ऑगस्टच्या दरम्यान धरा; गणपतीच्या आठवड्यात एकपडदा थिएटर सहज मिळतं, पण जाहिरात कुणी वाचत नाही आणि गल्ला बसतो. भाषेची मोजणी आणि सबटायटल हे फेडरेशनच्या अर्जाआधी संपवा. फेडरेशनने निवडला नाही तर तो चित्रपट पुढच्या वर्षी देशाकडून पुन्हा पाठवता येईल या आशेवर बसू नका. खिडकी प्रदर्शनाच्या तारखेला बांधलेली आहे. त्याच वर्षी ३१ डिसेंबरच्या आत अमेरिकेत सात दिवस लावायचे की नाही, एवढाच निर्णय उरतो, आणि लॉस एंजेलिसमधली स्क्रीन डिसेंबरात मिळणं दुरापास्त असतं. ती सप्टेंबरातच बोलून ठेवावी लागते, फेडरेशनचा निकाल लागण्याआधी.